गल्लीचा कागद

आमच्या नायगावला सरकारदप्तरी दोन नावे आहेत. नांदेडहून देगलूरकडे आणि तेथून पुढे हैदराबादेस जाणाऱ्या सडकेवरचे हे गाव. लोकांच्या तोंडी ते ‘नायगाव बाजार’. तालुक्याच्या यादीत मात्र तेच ‘नायगाव (खैरगाव)’ होते. महाराष्ट्रात नायगावे पुष्कळ. सावित्रीबाई फुले यांच्या जन्माचे सातारा जिल्ह्यातले नायगाव आहे, मुंबईत दादरला लागून चाळींचे नायगाव आहे, वसईकडे आणखी एक आहे. तेव्हा कागदाने खूण विचारावी यात वावगे काही नाही. बाजारात भेटलेला माणूस ‘कोणते नायगाव?’ म्हणून कधी विचारीत नाही. कागद विचारतो, एवढाच काय तो फरक. पण या फरकाच्या फटीतून आमच्याकडच्या गल्लीबोळांचा दीडशे वर्षांचा इतिहास डोकावून पाहता येतो, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

इतिहास म्हणजे लढाया आणि तह, असे आम्ही शाळेत शिकलो. गल्लीचा इतिहास त्या पुस्तकात बसत नाही. गल्लीला लढाई ठाऊक असते ती नालीच्या पाण्याची. वरच्या घराची मोरी खालच्या घराच्या भिंतीवर उतरते. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी शेणकुटाचा आणि सालपटांचा ढीग नेमका कोणाच्या दारासमोर राहिला यावरून तोंडे वाजतात. आडाचा कठडा पडला तर तो कोणी बांधावा, कंदिलाला रॉकेल कोणी घालावे, रात्रीची गस्त कोणी घालावी, असले हे प्रश्न. राजे बदलले, राज्ये बदलली, तरी हे प्रश्न फारसे बदलले नाहीत. बदलत गेली ती भाषा. आपले गाऱ्हाणे आपल्या दारातून उचलून सरकारच्या दारात नेऊन ठेवण्याची भाषा. त्या भाषेची हकिकत आज सांगायची आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर नालीची गोष्ट वाढतो म्हणून वाचकांनी राग मानू नये.

१९४८ पूर्वी नायगाव बिलोली तालुक्यात, नांदेड जिल्ह्यात, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानात पुष्कळ काळ फारसीचे राज्य होते. १८८४ च्या सुमारास तिची जागा उर्दूने घेतली, आणि पुढे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उच्च शिक्षण उर्दूतून देणारे. हे विद्यापीठ आपल्या परीने मोठे धाडसच होते. इंग्रजीवाचून शास्त्रे शिकवता येतात हे त्याने त्या काळी हिंदुस्थानाला करून दाखवले, आणि त्यासाठी भाषांतराचा एक स्वतंत्र विभाग चालवला. एका देशी भाषेचा असा सन्मान झाला याचा आनंद कोणालाही व्हावा. फक्त ती देशी भाषा संस्थानातल्या बहुतेक प्रजेची नव्हती, एवढेच गालबोट. प्रजेतला जवळजवळ निम्मा भाग तेलुगू बोलणारा, सुमारे पाव हिस्सा मराठी, आणि उरलेल्यांत कानडी व उर्दू. आमच्या नायगावातले मुसलमान शेतकरी आणि कारागीर तरी तहसिलीतली उर्दू कोठे बोलत होते? ते बोलत दखनी. तीत मराठीचा आणि तेलुगूचा मसाला भरपूर. ‘जनाब-ए-आली’ने सुरू होणारा कागद त्यांनाही तितकाच परका होता जितका शेजारच्या कुणब्याला. लिहिणे-वाचणेच ज्यांच्या वाट्याला आले नव्हते त्यांना लिपी डावीकडून सुरू होते की उजवीकडून, याचे काय सोयरसुतक?

गावचा कारभार तीन माणसांकडे असे: माली पाटील, पोलीस पाटील आणि पटवारी. माली पाटलाकडे वसूल, पोलीस पाटलाकडे बंदोबस्त, आणि पटवाऱ्याकडे दप्तर. त्यांच्या हाताखाली सेतसिंधी, म्हणजे गावचे राखणदार व निरोपे. वर तहसीलदार, आणि जिल्ह्याला अव्वल तालुकदार. हा शब्द आजच्या वाचकाला फसवील. हैदराबादेत ‘तालुकदार’ म्हणजे तालुक्याचा नव्हे, जिल्ह्याचा अंमलदार. आमच्याकडचे पटवारी बहुधा ब्राह्मण. ते मराठी मोडीत लिहीत आणि उर्दूतही लिहीत. एकाच माणसाच्या एकाच बस्त्यात दोन लिप्या शेजारी शेजारी सुखाने नांदत.

गल्लीत काही अडले तर प्रथम पाटलाच्या ओसरीवर बोलणे होई, ते अर्थात मराठीत. तेथे निकाल लागला तर ठीकच. नाही लागला, किंवा पाटीलच वादातला एक पक्ष असला, तर मात्र बिलोलीची वाट धरावी लागे. बैलगाडीने गेले तर मुक्काम पडायचा. तहसिलीचे सारे चलनवलन उर्दूत. कागद उर्दूत असला तर तो मिसलीला लागे. मराठीत असला तर आधी तो कोणीतरी समजून घेण्याची तसदी घ्यावी लागे, आणि तसदी कोणी फुकट घेत नसते. म्हणून कचेरीबाहेर झाडाखाली चटई टाकून बसलेल्या अर्जीनवीसाकडे माणूस वळे.

या अर्जीनवीसाविषयी माझ्या आजोबांकडून मी पुष्कळ ऐकले. आमच्या लोकांना त्याच्याविषयी आदर वाटे आणि धाकही वाटे. तुम्ही त्याला सांगायचे, ‘मालक, वरच्या अंगाचं पाणी माझ्या घरात शिरायलंय.’ तो ऐकून घ्यायचा, बोरू शाईत बुडवायचा आणि कागदभर लिहायचा. शेवटी तुमचा अंगठा. मग वाचून दाखवायचा. त्यात तुमचे घर कोठे, पाणी कोठे, काही कळायचे नाही. एक शब्द मात्र कानावर येई तो ‘फिदवी’. फिदवी म्हणजे आपल्यावरून जीव ओवाळून टाकणारा, आपला एकनिष्ठ. अर्जदाराने स्वतःचा उल्लेख तसा करायचा ही रीत. नालीचे पाणी घरात शिरले म्हणून तक्रार करणाऱ्या कुणब्याने आधी तहसीलदारावरून जीव ओवाळून टाकायचा, मग पाण्याचे बोलायचे! आजोबा ही गोष्ट हसत हसत सांगत. पण त्यांच्या हसण्यातली एक गोष्ट मला आजही बोचते: आपल्या नावाने काय लिहिले गेले हे त्या माणसाला कधीही स्वतः पडताळून पाहता आले नाही. अंगठा त्याचा, शब्द दुसऱ्याचे.

तारखेचेही तसेच. तहसिलीचे वर्ष फसली, आणि ते आजूर महिन्यापासून, म्हणजे ६ ऑक्टोबरपासून सुरू होई. साधारण आपल्या दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास. आजूर, दै, बहमन, इस्फंदार, असे इराणी बारा महिने. घरात चैत्र-वैशाख, व्यापाऱ्याची चोपडी पाडव्याला बदलणारी, मशिदीत हिजरी, आणि सरकारी मिसलीवर बहमन. पेशीची तारीख कळली तरी ती नेमकी कधी येते हे पटवाऱ्याला विचारावे लागे. पैशाचेही दोन प्रकार. संस्थानचा रुपया ‘हाली’, इंग्रजी मुलखातला ‘कलदार’. सात हालींचे सहा कलदार. सोलापूर-मुंबईकडचा माल घ्यायचा तर कलदार लागे. अर्जाचा मुद्रांक मात्र हालीत. हा हाली रुपया संस्थान गेल्यावरही काही वर्षे हिंदुस्थान सरकारच्या रुपयाशेजारी फिरत राहिला आणि १९५९ साली चलनातून गेला. माझ्या लहानपणी म्हाताऱ्या बायका एखादी खोटी गोष्ट दिसली की ‘हाली आहे’ म्हणत. बिचाऱ्या हालीचा काही दोष नव्हता. तो चांदीचा होता.

आता या साऱ्यातली जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते तिच्याकडे येतो. सरकारचा हुकूम गावात येई तो उर्दूत नव्हे. पटकीची साथ आली, वसुलीची तारीख ठरली, वेठीला माणसे हवी झाली, साहेबांचा दौरा निघाला, की गावात दवंडी फिरे. आणि दवंडी मराठीत असे. चांगल्या खणखणीत, कोणालाही कळेल अशा मराठीत. म्हणजे लोकांची भाषा सरकारला येत नव्हती असे मुळीच नाही. वरून खाली येताना ती येत होती; खालून वर जाताना मात्र तिला उंबऱ्यावर अडवले जाई. मी जुन्या राज्यकारभाराविषयी जे थोडेबहुत वाचले आहे त्यात या साध्या गोष्टीकडे कोणी लक्ष वेधलेले मला आढळले नाही. पण गल्लीतून पाहणाऱ्याला हीच प्रथम दिसते.

आणि ही दवंडी देत कोण असे? महारवाड्यातला किंवा मांगवाड्यातला माणूस, हातात हलगी घेऊन. गावभर सरकारचा आवाज तो. पण गावच्या आडावर त्याला पाणी नव्हते, आणि त्या आडाचा कठडा बांधा म्हणून जो अर्ज जाई त्यावर ‘समस्त गावकरी’ असे लिहिलेले असले तरी त्याचा अंगठा नसे. ‘समस्त’ या शब्दाचा अर्थ गावाने आपल्या सोयीने लावून घेतलेला होता. उर्दूने त्याला बाहेर ठेवले नव्हते. त्याला बाहेर ठेवले ते आम्ही, अस्सल मराठीत. भाषेच्या अन्यायाची गोष्ट सांगताना हा अन्याय विसरून चालणार नाही. नाहीतर निजामाच्या माथी सारे मारून मोकळे होण्याची आम्हा मराठवाडेकरांना थोडी सवय आहे.

एकट्याने अर्ज करायचा तर अर्जीनवीस. चौघांनी मिळून बोलायचे तर आणखी कठीण. १९२९ साली संस्थानात ‘गश्ती निशान ५३’ या नावाने प्रसिद्ध पावलेला हुकूम निघाला. गश्ती म्हणजे परिपत्रक. या गश्तीने सार्वजनिक सभेला आधी परवानगी घेण्याचा फास लावला. शाळा, आखाडे यांच्यावरही नजर. मग लोकांनी काय केले? त्यांनी कीर्तने केली, गणपती बसवले, वाचनालये काढली. वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला दहा माणसे जमली तर ती सभा होत नाही. आणि वर्तमानपत्र वाचून झाल्यावर नालीविषयी, नाक्यावरच्या लाचेविषयी, शाळेविषयी बोलणे निघाले तर त्याला कोण काय करणार? मराठवाड्यातल्या वाचनालयांच्या चळवळीचा गौरव आपण ग्रंथप्रेम म्हणून करतो. ते होतेच. पण गल्लीला आपल्या भाषेत मोठ्याने बोलायला मिळालेली ती पहिली जागाही होती. १९३७ साली परतूरला गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषद भरली, आणि मातृभाषेतून शिक्षणाची मागणी उघडपणे मांडली जाऊ लागली. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, मोमिनाबादच्या म्हणजे अंबाजोगाईच्या शाळेतले एक शिक्षक शाळा सोडून सत्याग्रहात उतरले. ते स्वामी रामानंद तीर्थ. ती मोठी हकिकत सर्वांना ठाऊक आहे, म्हणून येथे पुन्हा सांगत नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची फौज शरण आली. रझाकारांनी गावोगाव जो जुलूम केला होता तो संपला. पण त्या दिवसांबद्दल आणखी एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे, आणि इतक्या वर्षांनी ती बोलायला हरकत नसावी. पोलीस कारवाईनंतर निरपराध मुसलमानांची मोठी हत्या झाली. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या मंडळाने त्या वर्षाच्या अखेरीस दौरा करून अहवाल दिला. तो लोकांसमोर यायला २०१३ साल उजाडावे लागले. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर यांच्याबरोबर नांदेडचे नाव घातले आहे. जी कुटुंबे वाचली त्यांतली कित्येक गावे सोडून हैदराबादेस गेली. चटईवरचे अर्जीनवीस, शाळेतले मौलवी, तहसिलीतले कारकून, असे आमच्या भागातले उर्दू लिहिणारे-वाचणारे हात थोड्या वर्षांत विरळ झाले. तेव्हा त्याचे कोणाला काही वाटले नाही. वाटण्याचे दिवस पुढे यायचे होते.

स्वातंत्र्य मिळाले म्हणून कागद लगेच मराठी झाला, असे मात्र नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. त्या वेळी आमच्या नांदेड जिल्ह्याची शिवण उसवून पुन्हा घातली गेली: मुधोळ तालुका आंध्रात गेला, बीदर जिल्ह्यातला देगलूर आमच्याकडे आला, किनवटकडचा भाग आदिलाबादमधून आला. सोयरीक एका राज्यात आणि शेत दुसऱ्या राज्यात अशी घरे आमच्या भागात आजही पुष्कळ आहेत. कायदे मात्र बरेचसे जुनेच राहिले. ज्या कायद्याने आमच्या जमिनीचा सारा ठरे, तो हैदराबाद जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७-०८ सालचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली तेव्हा तो गेला. निजामाचे राज्य गेल्यावर जवळजवळ एकोणीस वर्षे त्याचे फसली साल आमच्या बांधावर उभे होते. राज्य घोड्यावरून जाते आणि दप्तर पायी चालते, असे आमचे एक गुरुजी म्हणत, ते काही खोटे नाही.

मग मराठी आली, आणि मोठ्या थाटाने आली. ६ जुलै १९६० रोजी भाषा संचालनालय स्थापन झाले. १९६४ सालचा राजभाषा अधिनियम झाला. पदनाम कोश निघाला, ज्याला आचार्य अत्र्यांनी ‘बदनाम कोश’ म्हणून हिणवले. अत्र्यांची थट्टा जरा जास्त झाली असे मला वाटते. त्या कोशातले कितीतरी शब्द आज आपण सहज वापरतो, आणि परभाषेतले शब्द नाकारायचे तर कोणीतरी कोठेतरी बसून नवे घडवलेच पाहिजेत. पण आमच्या गल्लीच्या बाजूने पाहिले तर एक अडचण झाली खरी. जुन्या मिसलीत ‘पेशी’, ‘नक्कल’, ‘तामील’ हे शब्द उर्दू असले तरी शंभर वर्षांच्या हेलपाट्यांनी लोकांच्या पायांत मुरले होते. निरक्षर म्हातारीलाही ‘पेशी’ कळे. आता तिच्या हाती ‘सक्षम प्राधिकाऱ्याकडे उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित’ असा शेरा आला. लिपी तिच्या नातवाला वाचता येत होती. अर्थ कोणालाच लागेना. नाली गेली आणि ‘सांडपाण्याचा निचरा’ आला. पाणी होते तसेच घरात शिरत राहिले. ‘फिदवी’ गेला, त्याच्या जागी ‘आपला नम्र’ आणि ‘आपला कृपाभिलाषी’ आले. कचेरीबाहेर झाडाखाली पुन्हा माणसे बसू लागली, या खेपेला चटईऐवजी टेबल आणि बोरूऐवजी टंकयंत्र घेऊन.

एक बदल मात्र मोठा झाला आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या, आणि नालीचा प्रश्न बिलोलीपर्यंत जाण्याचे कारण पुष्कळसे संपले. तो गावातच, निवडून दिलेल्या माणसापुढे, तोंडी मांडता येऊ लागला. बोलून झालेल्या कामाला कागद लागत नाही. ज्यांना ‘समस्त’मध्ये जागा नव्हती त्यांचेही मत पेटीत पडू लागले, जरी आडावरची जागा मिळायला आणखी वेळ लागला. बाबा आढावांनी १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ काढली, म्हणजे घटनेने अस्पृश्यता मोडल्यावर बावीस वर्षांनी तिची गरज भासत होती. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला तो तर डिसेंबर २०२० मध्ये. माझ्या पिढीच्या तोंडी जुनी नावे बसलेली आहेत. ती जाता जाता जातात.

१९९९ साली नायगाव स्वतः तालुक्याचे गाव झाले, पुढे ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. २०२१-२२ च्या हिवाळ्यात तिची निवडणूक झाली ती सतरा जागांची. त्यातल्या निम्म्या जागा स्त्रियांच्या. प्रारंभी लोक म्हणत, बायका काय बोलणार. नालीविषयी बायकांनी बोलायचे नाही तर कोणी? पाणी भरायचे त्यांनी, सांडायचे त्यांनी, तुंबले तर उपसायचे त्यांनी. त्यांची मराठीही सोपी. आमच्या गल्लीतल्या एका बाईंनी सर्वांसमक्ष जे सांगितले ते मी कानांनी ऐकले आहे: ‘वरच्या घराचं पाणी आमच्या चुलीपर्यंत येऊ लालंय, तुम्ही येऊन बघा.’ या वाक्यात विषय, संदर्भ, मागणी सारे आले. इतिवृत्तात ते ‘सांडपाणी व्यवस्थापनाबाबत सविस्तर चर्चा करण्यात आली’ असे उतरले, हे वेगळे.

येथवरची कथा संपली असती, पण जुन्या कागदांनी ती संपू दिली नाही. २०२३ च्या सप्टेंबरात, जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीच्या उपोषणानंतर, राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मराठवाड्यातल्या मराठा कुटुंबांच्या निजामकाळातल्या ‘कुणबी’ नोंदी शोधायच्या, हे तिचे काम. समिती हैदराबादेसही जाऊन आली. आरक्षण कोणाला असावे आणि कोणाचे त्यात काय जाते, यावर आमच्या पारावर रोज बोलणे होते, दोन्ही बाजूंनी होते, आणि शेजारी शेजारी राहणाऱ्यांत होते. तो वाद मी येथे घेत नाही. मला आश्चर्य वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. ज्या कागदाचा आमच्या आजोबांना धाक वाटे, जो घरात असला तरी कोणी उघडीत नसे, त्याच कागदासाठी सारे गाव माळे आणि पेट्या उपसू लागले. सेतवार, पाहणी पत्रक, वसूल बाकी, मुंतखब, हे शब्द तरुण मुलांच्या तोंडी आले. आणि कागद सापडल्यावर प्रश्न आला तो एकच: वाचणार कोण?

मोडी वाचणारे थोडे, उर्दू हस्ताक्षर वाचणारे त्याहून थोडे. छापील उर्दू येणे वेगळे आणि पटवाऱ्याच्या घाईच्या हाताची, नुक्ते गाळलेली शिकस्ता वळणाची उर्दू लावणे वेगळे. नुक्ता म्हणजे अक्षराचा टिंब. तो गेला की एकाच अक्षराची चार अक्षरे होऊ शकतात, आणि एका माणसाचे आडनाव दुसऱ्याचे. मराठवाड्यात पूर्वी अशी माणसे होती. निलंग्याला जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबादच्या मुलकी खात्यात अधिकारी होते. त्यांनी याच भाषांच्या बळावर मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधने मराठीत आणली. पण पगडी काही प्रत्येक तालुक्याला मिळत नाहीत. आमच्या शेजारच्या गल्लीत एक वृद्ध मुसलमान गृहस्थ राहतात. आयुष्यभर त्यांनी शिवणकाम केले. उर्दू वडिलांकडून शिकले. दोन-तीन वर्षे झाली, त्यांच्या ओट्यावर माणसे कागद घेऊन येतात. मीही आमच्या घरातला एक घेऊन गेलो होतो. ‘बसा गुरुजी,’ म्हणाले, चश्मा पुसला, कागद उजेडाकडे धरला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग बोट ठेवून सावकाश वाचू लागले: गाव, नंबर, धारा, पीक. माझ्या पणजोबांचे नाव त्यांच्या तोंडून मी प्रथम त्या लिपीत ऐकले. पैसे विचारले तर हात हलवून नको म्हणाले. चहा मात्र त्यांनीच पाजला.

२ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरविषयीचा शासन निर्णय निघाला. त्यात गावपातळीवर चौकशी करण्यासाठी तीन माणसांची समिती सांगितली आहे: ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी. यांतला पहिला म्हणजे आपला तलाठी आणि दुसरा म्हणजे ग्रामसेवक. नावे अलीकडेच बदलली आहेत. गल्लीत अजून कोणी त्यांना नव्या नावाने हाक मारीत नाही. जुने पटवारी गेले, त्यांच्या जागी तलाठी आले, आता तलाठीही कागदावरून गेले. हे तिघे मिळून जो अहवाल लिहितील तो मराठीत असेल, आणि ज्याच्याविषयी असेल त्याला तो मागता येईल. माहितीच्या अधिकाराचा कायदा देशात २००५ पासून आहे, आणि सेवा किती दिवसांत द्यायची हे सांगणारा राज्याचा कायदा २०१५ पासून. अर्ज आता फोनवरूनही करता येतो. आमच्या वॉर्डातली मुले तो ज्याचा त्याला भरून देतात, आणि पाठवण्यापूर्वी वाचून दाखवतात. ‘विषय’ या रकान्यात काय लिहू, असे एका मुलाने परवा त्या चुलीपर्यंत पाणी येणाऱ्या बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, ‘नाली लिही.’ त्याने ‘सांडपाण्याचा निचरा होणेबाबत’ असे लिहायला घेतले होते. ते पुसून त्याने ‘नाली’ लिहिले.